आमच्या घराचा खांदा

सातवीत मी वर्गात सगळ्यात उंच होतो. हे आधीच सांगून टाकतो, कारण आता मला बघून कोणाचा विश्वास बसत नाही आणि मग मला मोबाइलमध्ये फोटो शोधत बसावं लागतं. फोटो आहे! शाळेच्या गॅदरिंगचा. मागच्या रांगेत टोकाला बाईंच्याही वर डोकं काढून उभा आहे तो मी, परेश. ओठावर मिशीची रेघ, शर्टाच्या बाह्या मनगटाच्या चार बोटं वर. आणि पुढे मांडी घालून बसलेला, नुसते कानच दिसतात असा जो पोरगा आहे तो रोशन. आमच्या शेजारचा, माझा जिगरी. तेव्हा तो माझ्या काखेखालून आरामात जायचा, आणि मी मुद्दाम हात वर करून त्याला जायला लावायचो. त्या वर्षी माझी पँट दर दोन-तीन महिन्यांनी आखूड व्हायची. रात्री पोटऱ्या ठणकायच्या, आवाज मध्येच फाटायचा, आणि भूक तर अशी लागायची की शाळेतून आलो की दप्तर खांद्यावर ठेवूनच टोपातला भात संपवायचो.

आमचं घर उमेळ्यात, आळीच्या खाडीकडच्या बाजूला. पुढे अंगण, मागे जांभळाचं झाड, आणि त्याच्यामागे आमची थोडी भातशेती, जी बाबा नोकरी सांभाळून करतात. बाकी आळीत तेव्हा घरं कमी होत होती आणि बिल्डिंगी वाढत होत्या. बाजूच्या प्लॉटवर पायाचं काम चालायचं तेव्हा त्या मशिनच्या प्रत्येक दणक्याला आमच्या मांडणीवरची भांडी किणकिणायची. आईने त्यावरही तोडगा काढला होता, पेल्यांच्या मधे जुनी फडकी कोंबून ठेवायची. सकाळी तव्यावर तांदळाची भाकरी, चुलीवर (हो, गॅस असूनही मागच्या पडवीत चूल होतीच) सुकटीचा वास, बाहेर सिमेंट कालवायचं मशीन, आणि या सगळ्यात आईचं एकच पालुपद, “खा रे, वाढतं अंग आहे.” वाढतं अंग! माझ्या लहानपणातला सगळ्यात चविष्ट शब्द हाच. त्या शब्दावर मला कोलंबीच्या कालवणातल्या मोठ्या कोलंब्या मिळाल्या, खाडीतले निवटे मिळाले, चिंबोरीच्या नांग्या मिळाल्या. आई माझ्या पँटी शिवून घ्यायची तेव्हा टेलरला सांगायची, मोहरी आत चांगली हातभर दुमडून ठेवा, सोडवता आली पाहिजे. टेलर हसायचा, “वहिनी, हा काय माडाला स्पर्धा देणारे?” आई म्हणायची, “देईल पण!”

आता आमच्या आळीची एक गोष्ट सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं काही कळणार नाही. चैत्रात गावदेवीची पालखी निघते. पालखी लहानशी, शिसवी, वर पितळी कळस, आणि मधून जाणारा एकच लांब दांडा. पुढे दोघं, एकामागे एक, आणि मागे दोघं. हे चार खांदे आळीतल्या चार घरांचे. एका घराचा एक. बाप थकला की पोराचा खांदा लागतो, पोराला मिसरूड फुटलेली हवी, बस्स. पण एक अट आहे. चारही खांदे एका रेषेत पाहिजेत. एकजण जरी बुटका निघाला तरी दांडा त्याच्या खांद्याला टेकतच नाही, तो नुसता हात लावून चालतो, आणि त्याचं वजन बाकीच्यांवर जातं. म्हणून गुढीपाडवा झाला की काशीनाना, म्हणजे आळीतले सगळ्यात म्हातारे आणि पालखीचे सर्वेसर्वा, पोरांना देवळाच्या पायरीसमोर जोडीनं उभं करायचे, दोघांच्या खांद्यांवर आडवी फळी ठेवायचे आणि फळीच्या मधोमध लिंबू. लिंबू जागच्या जागी थांबलं तर जोडी जमली. घरंगळलं की ज्याच्या बाजूला घरंगळलं तो घरी.

सातवीत असताना मी मस्ती म्हणून त्या फळीखाली उभा राहिलो होतो, बाबांच्या जोडीला. लिंबू माझ्याकडे घरंगळलं, पण अगदी हळू! बारा-तेरा वर्षांचा पोरगा, आणि बापाच्या खांद्याला जवळजवळ खांदा! काशीनानांनी माझ्या पाठीत असा गुद्दा घातला की मी खोकलो. “सदाशिवा,” ते बाबांना म्हणाले, “तुझा पोऱ्या तर घोड्यावानी वाढतोय. यवरासा असून कवरा झालाय बघ! दोन वर्षांत तुला रिटायर करील.”  घरी येताना बाबा वडापावच्या गाडीवर थांबले आणि मला विचारून विचारून तीन घेऊन दिले.

आणि मग मी थांबलो.

म्हणजे असं काही एका दिवशी झालं नाही. ते कळतच नाही हो, हीच तर गंमत आहे! वाढताना कपडे सांगतात, हाडं सांगतात, नातेवाईक सांगतात. थांबताना कोणीच काही सांगत नाही. नववीत आईने पँटची दुमड सोडायला काढली, मला घालून बघितली आणि म्हणाली, “राहू दे, बरोबर आहे.” पुढच्या वर्षी पण बरोबर होती. त्याच्या पुढच्या वर्षी पण! तिकडे रोशन, जो माझ्या काखेखालून जायचा, तो दहावीच्या सुट्टीत मामाकडे कळंबला गेला आणि परत आला तो दुसराच कोणीतरी. मी दार उघडलं तर समोर शर्टाचं दुसरं बटण. वर बघितलं तर रोशनचे कान. “काय रे परश्या, खाली कुठं गेलास?” हे त्याचं पहिलं वाक्य. त्याच दिवशी त्याने हात वर करून मला काखेखालून जायला सांगितलं. मी गेलो. हिशोब चुकता.

बाबांचं काय झालं ते त्याच सुमाराला. आळीतल्या बाकीच्या घरांची पोरं अशीच सुटली होती. सागर आणि हर्षल, दोघं चुलतभाऊ पण वेगवेगळ्या घरांचे, बांबूच्या बेटातून उपटून आणल्यासारखे. त्यात रोशन. तिघं पालखीखाली लागले तशी पालखीच वर गेली. त्या वर्षी मी मागून चालत होतो आणि मला दिसत होतं, बाबांचा खांदा आणि दांडा यांच्यामधून पलीकडचा रस्ता दिसतोय. बाबा टाचा उंचावून चालत होते. भर आळीत, बेंजोच्या तालावर, पन्नाशीचा माणूस चवड्यांवर. अर्ध्या वाटेत ते आपण होऊन बाजूला झाले आणि हर्षलच्या मेहुण्याला पुढे केलं. हा मेहुणा आचोळ्याचा, दुसऱ्या गावचा, पण तसाच उंच. पाहुणा म्हणून आला होता. आमच्या घराच्या खांद्याच्या जागी आचोळ्याचा मेहुणा! पुढच्या वर्षी पण तोच. जेवायला यायचा, पालखी उचलून जायचा. बाबा चवरी घेऊन बाजूने चालायचे आणि घरात या विषयावर कोणी बोलायचं नाही. सगळ्यांना एकच भरवसा होता, परेश वाढेल. परेश वाढला की आपला खांदा परत येईल.

त्या भरवशावर माझ्यावर जे जे प्रयोग झाले ना! जांभळाच्या फांदीला लटकणं, सकाळ-संध्याकाळ. दोरीवरच्या उड्या. सायकलची सीट एवढी वर की पॅडल मारताना अंगठ्याचं नखच टेकायचं. रविवारी पाया सूप. टीव्हीवर बघून मागवलेली एक पावडर, जिला ओल्या भिंतीचा वास होता. मावशी म्हणाली पंचविशीपर्यंत पोरं वाढतात, तिच्या दिराचा पोरगा लग्नानंतर वाढला. रोशन म्हणाला, “मग तुझं लग्नच लावून टाकू.” मी जांभळाला लटकत असायचो आणि खालून रस्त्याने जाणारी पोरं ओरडायची, “काका, जांभूळ पिकलं का?” मी त्यांना शिव्या द्यायचो, पण लटकूनच. उतरलं तर सेट मोडतो ना!

शेवटी बाबांनी मला वसईतल्या हाडांच्या डॉक्टरांकडे नेलं. मी पाठ ताठ करून बसलो होतो, जसं काही डॉक्टर बसलेलीच उंची मोजणार. त्यांनी डाव्या हाताचा एक्सरे काढायला लावला. मला हसूच आलं, उंची पायात असते आणि हा माणूस हाताचा फोटो काढतोय! मग त्यांनी तो एक्सरे लाइटवर लावला आणि मला जवळ बोलावलं. “हे बघ. वाढत्या मुलांच्या हाडाच्या टोकाला इथे एक काळी फट दिसते. ती कूर्चा. तिथूनच हाड लांब होतं. तुझ्या इथे फट दिसतेय?”

“नाही.”

“भरून आली. हाड जुळून आलं. आता यापुढे लांब होणार नाही.”

“पण पंचविशीपर्यंत…” बाबा म्हणाले.

“तसं ठरलेलं वय नसतं,” डॉक्टर म्हणाले. “आवाज फुटतो, मिशी येते, त्या सुमाराला मुलगा जोरात वाढतो. मग वेग कमी होतो आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत बहुतेकांचं आटोपतं. कोणाचं सोळाला, कोणाचं अठराला, एखाद्याचं आणखी थोडं उशिरा. तुमच्या मुलाचं सगळं लवकर सुरू झालं, म्हणून लवकर संपलं. जो उशिरा सुरू करतो तो उशिरा थांबतो.”

मला डोळ्यासमोर रोशनचे कान दिसले.

“काही औषध?” बाबांनी विचारलं.

“आजार असला तर औषध. हा धडधाकट आहे. पाच फूट चार इंचांचा धडधाकट माणूस आहे.” मग माझ्याकडे बघून म्हणाले, “लटकतोस का कुठे?” मी मान हलवली. “लटक. खांदे छान होतात.”

स्कूटरवरून आम्ही घरी निघालो. बाबांच्या मागे बसलो की त्यांच्या डोक्यावरून मला रस्ता दिसत नाही, आणि त्या दिवशी पहिल्यांदा मला कळलं की आता कधीच दिसणार नाही. घरी आई दारात उभी. बाबा चप्पल काढता काढता म्हणाले, “झाला पोरगा पुरा.” आई म्हणाली, “मग काय, आता तरी नीट मापाच्या पँटी शिवू. कापड वाया जात होतं.” आणि तिने मला वाढलं. मोठ्या कोलंब्या वाढल्या. वाढत्या अंगाचा विषय संपला होता, पण कोलंब्या तेवढ्याच होत्या. मी जेवलो आणि मग मागे जाऊन जांभळाखाली बसून रडलो. अठरा वर्षांचा घोडा, हुंदके देऊन! लपवायचं कशाला. आता तेवीसचा आहे, मोजून त्याच उंचीचा आहे, आणि अजून कोणी सोळा वर्षांचा पोरगा भिंतीला टेकून उभा राहून ‘बघ ना, वाढलो का’ म्हणाला की मी हातातलं काम बाजूला ठेवतो. मी त्याला पुस्तकातलं ज्ञान देत नाही. मी फूटपट्टी घेतो आणि नीट मोजतो. निदान कोणीतरी नीट मोजावं.

त्या चैत्रात मी तरीही फळीखाली उभा राहिलो. रोशनने स्वतःहून गुडघे जरा वाकवले, माझ्यासाठी. काशीनानांनी त्याच्या नडगीवर काठी मारली, “सरल उभा रा!” फळी ठेवली, लिंबू ठेवलं, आणि लिंबू असं सुसाट सुटलं माझ्याकडे की माझ्या छातीवर आपटून खाली पडलं. सगळे हसले. मी पण हसलो, काय करणार. काशीनाना नाही हसले. ते म्हणाले, “औंदाबी मेव्हन्यालाच बोलवा.” बाबा लिंबू उचलायला वाकले होते. ते जरा जास्तच वेळ वाकलेले राहिले.

पालखीचा दिवस. सकाळपासून ऊन, बेंजोवाले आलेले, बायांच्या डोक्यात मोगऱ्याचे गजरे, पोरांच्या डोक्यात टोप्या. आईने पुरणपोळ्या केल्या होत्या आणि आचोळ्याचा मेहुणा आमच्याच ओटीवर बसून चौथी खात होता. मी त्याला दूध वाढलं. पाहुण्यावर कसला राग काढणार, तोंडावर तर गोड माणूस, “घे ना तू पण” म्हणत होता. माझ्याच घरात!

पालखी आळीतून फिरली. दारोदार थांबते, उंबऱ्यासमोर, आणि त्या घरची बाई ओटी भरते. असं करत करत हिराआयच्या बिल्डिंगखाली आली. हिराआयचं घर आमच्या आळीतलं सगळ्यात जुनं. ते बिल्डरला गेलं, त्या जागेवर ही बिल्डिंग झाली आणि तिला चौथ्या मजल्यावर फ्लॅट मिळाला. आदल्या वर्षी ती लिफ्टने खाली आली होती आणि पार्किंगमध्ये, स्कूटरांच्या मधे उभी राहून तिने ओटी भरली होती. पण या वर्षी तिचं खुब्याचं हाड मोडलेलं, ऑपरेशन झालेलं, घरातल्या घरात वॉकर धरून चार पावलं टाकायची. खाली यायची नाही असं डॉक्टरने सांगितलेलं. आणि हिराआयने निरोप पाठवला होता, “मी नाय येनार. देवी माझ्या उंबऱ्यावर यायची. उंबरा वर गेला तर देवी वर येल.”

लिफ्टमध्ये दांडा मावत नव्हता. कोणीतरी म्हणालं, नुसता मुखवटा उचलून लिफ्टने नेऊ. काशीनाना भडकले. “देवी काय पार्सल हाय? पालखीत बसली ती देवलातच उतरल. जिन्यानं चला!”

चला तर चला. पुढे रोशन, त्याच्यामागे सागर. मधे पालखी. मागे हर्षल आणि मेहुणा. बेंजो जोरात, पोरं शिट्ट्या मारतायत, मी जिन्याच्या तोंडाशी गर्दीत. रोशन पाच-सहा पायऱ्या चढला आणि पालखीने तोंड आभाळाकडे केलं. म्हणजे पुढचा दांडा इतका वर आणि मागचा इतका खाली की आतला नारळ गडगडत मागे आला, कुंकवाची ताटली उलटली, मागच्या मेहुण्याच्या अंगावर लाल सडा. रोशन अजून एक पायरी चढला आणि टण्! वरच्या जिन्याच्या स्लॅबला कळस लागला. बेंजो थांबला. कळस लागला तो आवाज सगळ्यांच्या छातीत लागला.

“उतरवा,” काशीनाना म्हणाले. एकदम हळू आवाजात.

पालखी पार्किंगमध्ये आली. कोणी कोणाकडे बघेना. कळस वाकडा झाला नव्हता, पण नानांनी त्याच्यावर असा हात फिरवला जसा पडलेल्या पोराच्या डोक्यावरून फिरवतात. मग ते जिन्याच्या मधल्या पोकळीत मान वर करून ओरडले, “हिरे! इथनंच हात जोड गो! देवीला जिना झेपत नाय!”

वरून, चार मजल्यांवरून, हिराआयचा आवाज आला. बारीक, पण जिन्याच्या त्या पोकळीत असा घुमला की प्रत्येकाला ऐकू आला. “देवीला झेपतं. तुमाला झेपत नाय.”

आणि मी तिथे उभा राहून त्या जिन्याकडे बघत होतो. नुसता बघत होतो. पायरीवर एक लहान पोरगी चढत होती आणि तिच्यामागून तिचा बाप, आणि दोघांची डोकी एकाच लेव्हलला होती! बाप खालच्या पायरीवर, पोरगी वरच्या. मला असं झालं की कोणीतरी डोक्यात ट्यूबलाइट लावली. एवढं साधं! सहा फुटी पोरं आपण पुढे लावतोय, आणि जिना त्यांना अजून वर उचलतोय!

“नाना!” मी ओरडलो. माझा आवाज परत फाटला, सातवीसारखा. “नाना, पुढं मला द्या!”

हर्षल हसला. “तुझा खांदा लागंल का तरी?”

“जिना चढताना पुढचा माणूस आपोआप उंच होतो ना! मग पुढं उंच माणूस कशाला पायजे? पुढं बुटका लावा, मागं लंबू लावा, पालखी सपाट राहील! स्लॅबला पण लागणार नाही!” मी एका दमात बोलत होतो आणि हातांनी जिना दाखवत होतो, जसा काही तो कोणाला दिसत नव्हता.

काशीनाना माझ्याकडे बघत राहिले. मग जिन्याकडे बघितलं. मग स्वतः दोन पायऱ्या चढले, वळले आणि खाली उभ्या असलेल्या रोशनच्या खांद्याकडे आणि आपल्या खांद्याकडे बघितलं. नानांची उंची माझ्यापेक्षा कमी. दोन खांदे एका रेषेत.

“आगो माझे आये,” नाना म्हणाले. मग एकदम आवाज चढवून, “पुढं पहिला परेश! रोश्या, तू एकदम शेवटी! त्याच्या पुढं हर्षल! परेशच्या मागं कोन? परेशहून थोडा उंच पायजे. दोन बोटं उंच. कोन हाय?”

गर्दीत सगळे एकमेकांची डोकी बघायला लागले. आणि मी बघितलं तर बाबांनी हातातली चवरी आचोळ्याच्या मेहुण्याच्या हातात दिली होती आणि ते शर्टाची बाही वर सारत पुढे येत होते. माझ्या मागे येऊन उभे राहिले. त्यांचा श्वास माझ्या मानेवर लागत होता.

उचलली. दांडा माझ्या खांद्यावर टेकला. टेकला! लाकूड थंड होतं आणि त्याला पिढ्यान्‌पिढ्यांच्या खांद्यांनी खळगा पडला होता, आणि माझा खांदा त्या खळग्यात बसला. पहिली पायरी, आणि मागच्या दोघांनी दांडा खांद्यावरून हातांवर वर तोलला. दुसरी. मागून नाना ओरडत होते, “सपाट! सपाट हाय! ताटली हलत नाय!” स्लॅबखालून गेलो तेव्हा मी मान तिरकी केली आणि कळस, खरं सांगतो, चार बोटं खालून सुळकन गेला. पहिलं वळण. इथे पट्ठे अडकणार असं सगळ्यांना वाटत होतं, कारण दांडा लांब आणि जागा चिंचोळी. बाबा मागून हळूच म्हणाले, “तू खाली बस. पूर्ण बस.” मी उकिडवा बसलो, रोशनने आणि हर्षलने मागून दांडा दोन्ही हातांनी डोक्यावर उचलला, त्यांच्या त्या लांबच्या लांब हातांनी, कठड्याच्या वरून, आणि दांडा फिरला! “रोश्या, तुझे हात!” मी ओरडलो. “परश्या, तुझे गुडघे!” तो ओरडला. खालून सगळा जमाव ओरडला. बेंजोवाल्यांनी कोणी न सांगता सुरू केलं, आणि त्या जिन्यात बेंजो काय वाजला! भिंती वाजत होत्या. प्रत्येक मजल्यावर दारं उघडली. बिल्डिंगमध्ये बाहेरून आलेली माणसंही राहतात, कोण गुजराती, कोण यूपीचे, त्यांनी आपापल्या दारात चपला बाजूला केल्या, कोणी दिवा लावला, एका भाभीने आतून पाण्याची बाटली आणून माझ्या तोंडाला लावली. दांड्याखाली असल्याने मला हात हलवता येत नव्हता. अर्धं पाणी तोंडात, अर्धं शर्टावर.

चौथा मजला. हिराआय दारात उभी होती. वॉकर धरून, हिरव्या नऊवारीत, नाकात नथ, सून मागून कमरेला धरून. तिने फ्लॅटच्या त्या ग्रॅनाइटच्या उंबऱ्याला हळद-कुंकू लावलं होतं. देवीची ओटी भरली, आणि मग वॉकरवरचा एक हात सोडून माझ्या कपाळाला कुंकू लावायला गेली, तर वाकावं लागलं नाही, हात वर न्यावा लागला नाही, बरोबर समोर. “कोनाचा रं तू?”

“सदाशिवचा,” मागून बाबा म्हणाले. मी सांगायच्या आत.

“मंग बरोबर,” ती म्हणाली. जसं काही तिला माहीतच होतं.

उतरताना एक वाद झाला. पालखी वळवायला जागा नव्हती, तशीच खाली न्यायची म्हणजे देवीचं तोंड वरच. दोघं-तिघं म्हणाले, उलटी कशी न्यायची? नानांनी एका वाक्यात मिटवलं. “माहेरवाशीण निघताना घराकडं बघतच निघते.” मग काय! माणसं फिरली, पालखी नाही. रोशन आणि हर्षल खाली पुढे, आम्ही बापलेक वरच्या बाजूला मागे, आणि पालखी सपाट. उतरलो. पार्किंगमध्ये लोकांनी आम्हाला गुलालात बुडवलं.

रस्त्यावर येऊन पालखी वळवली, आम्ही बापलेक परत पुढे आलो, तसा सागर जवळ आला, नेहमीप्रमाणे खांदा द्यायला. मेहुणापण चवरी ठेवून आला. सपाट रस्ता, आता उंच पोरांचं काम. मी दांड्याखालून निघायला खांदा सैल केला. तर काशीनानांनी काठी आडवी घातली.

“तू कुठं चाललास?”

“नाना, सपाटीला लेव्हल नाही बसणार…”

“बसल.” नाना वळले आणि रोशन-हर्षलकडे बघितलं. “इतकी वरसं हा वाढायची वाट बघितली. आता तुमी जरा कमी व्हा.”

“कमी कसं होऊ, नाना?” रोशनने विचारलं.

“गुडघे कशाला दिल्यान् देवीनं? वाक!”

सागरने त्या दिवसापुरती आपल्या घराची जागा बाबांना सोडली. आणि ते दोघं वाकले. हर्षल वाकला, रोशन वाकला. अख्ख्या आळीतून, देवळापर्यंत, दोन सहा-सहा फुटी पोरं गुडघ्यात वाकून, बदकासारखी, घामाने निथळत, हसत, शिव्या घालत चालली होती. “परश्या, लवकर चल ना रे, मांड्या फाटल्या!” रोशन मागून बोंबलत होता. आई आमच्या दारात ओटी घेऊन उभी होती आणि तिने तोंडाला पदर लावला होता, हसण्यासाठी का रडण्यासाठी ते मला गुलालातून दिसलं नाही. बाबांच्या टाचा जमिनीला टेकलेल्या होत्या. आणि मी सगळ्यांच्या पुढे, पाच फूट चार इंच, पाठ एकदम ताठ, अजिबात घाई न करता चाललो होतो.